ऑपरेटिंग सिस्टम अपग्रेड करायची की थांबायचं? बटण दाबायच्या आधी हे सगळं तपासा

कोपऱ्यात मेसेज येतो, नवीन व्हर्जन तयार आहे, आत्ता अपग्रेड करा. काही जण दिसला मेसेज की लगेच हो म्हणतात, काही जण वर्षानुवर्षं नंतर बघू नंतर बघू करत बसतात, आणि खरं सांगायचं तर दोघांनीही काही ठरवलेलं नसतं. नवीन व्हर्जनमध्ये काय काय आलंय याचे व्हिडिओ लोक तासन्‌तास बघतात, पण माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे: अपग्रेड फसलं तर आज मी जिथे आहे तिथे मला परत येता येईल का? याचं उत्तर हो असेल तर बाकी निर्णय सोपा होतो, आणि नाही असेल तर मशीन कितीही नवीन असू दे, हात लावू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून घ्या. दर महिन्याला येतात ती सिक्युरिटी अपडेट्स, आणि विंडोज १० वरून ११ ला जाणं किंवा मॅकओएसचं पुढचं व्हर्जन टाकणं हे अपग्रेड. लोक दोन्हीला अपडेटच म्हणतात आणि मग अपग्रेडच्या भीतीने सगळंच बंद करून टाकतात, हे फार वाईट. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या रॅन्समवेअरने (फाईल्स लॉक करून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामने) जगभरातले कॉम्प्युटर लॉक केले, त्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलं होतं, म्हणजे दोन महिने आधी. ज्यांनी ते टाकलं होतं त्यांच्या मशीनमध्ये त्या भोकातून काही शिरलं नाही. त्यामुळे अपग्रेडवर विचार करा, हवा तेवढा वेळ घ्या, पण महिन्याची सिक्युरिटी अपडेट्स चालूच ठेवा.

पायरी १: तुमच्या सिस्टमचा सपोर्ट कधीपर्यंत आहे ते बघा

विंडोजमध्ये विंडोजची की आणि आर एकत्र दाबा, जी छोटी चौकट उघडेल तिच्यात विनव्हर (winver) टाईप करून एंटर मारा. समोर व्हर्जन येईल, २२एच२, २४एच२ असं काहीतरी. हे लिहून ठेवा, पुढे लागतं.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्सची योजना काढली, तिची जाहीर केलेली मुदत १३ ऑक्टोबर २०२६, आणि त्यासाठी मशीनवर विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन असावं लागतं. म्हणजे विंडोज १० वर असाल तर आधी हे बघा की तुम्ही त्या योजनेत नाव नोंदवलंय का, नसेल तर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर ते दिसतं. ही योजना विचार करायला वेळ देते एवढंच तिचं काम, तिच्या भरवशावर पुढची पाच वर्षं काढता येणार नाहीत.

विंडोज ११ वाल्यांचा एक गैरसमज असतो, आपलं ११ आहे म्हणजे झालं. तसं नाही. होम आणि प्रो एडिशनमध्ये प्रत्येक व्हर्जनला साधारण २४ महिनेच सपोर्ट मिळतो, ११ चं २२एच२ व्हर्जन ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलं आणि २३एच२ नोव्हेंबर २०२५ मध्ये. त्यामुळे विनव्हरमध्ये जुनं व्हर्जन दिसत असेल तर तुमचा अपग्रेडचा प्रश्न ११ च्या आतलाच आहे आणि तोही सोडवायलाच हवा.

सपोर्ट संपला म्हणून दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडत नाही, तो तसाच चालतो, म्हणून तर लोक फसतात. आधी सिक्युरिटी अपडेट थांबतं, मग हळूहळू बाकीचे सोडून जातात. विंडोज ७ चा सपोर्ट जानेवारी २०२० मध्ये संपला, क्रोमने मात्र त्याला २०२३ पर्यंत सांभाळलं आणि १०९ हे त्यावर चालणारं शेवटचं व्हर्जन ठरलं. एकदा ब्राउझर जुना झाला की इंटरनेटवर काम करणं खरंच धोक्याचं होतं, तिथे बँक उघडू नका.

तर पहिल्या पायरीचा निकाल असा: सपोर्ट अजून वर्षभर आहे आणि सगळं नीट चालतंय तर घाई करायचं काही कारण नाही, काही महिन्यांवर आलाय तर तयारी आत्ताच सुरू करा, आणि संपलेलाच असेल तर थांबणं हा पर्यायच उरत नाही, फक्त कसं जायचं एवढंच ठरवायचं.

पायरी २: मशीन झेपणार आहे का

विंडोज ११ साठी कागदावर ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, युईएफआय (मशीन सुरू करायची नवी पद्धत) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासातलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), टीपीएम २.० (सिक्युरिटीच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि यादीतला प्रोसेसर लागतो, इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा आणि एएमडीचा रायझन २००० सीरिजपासून पुढचा. ४ जीबी हे कागदावरच ठेवा, ८ च्या खाली काम करताना चिडचिड होते आणि माझ्या मते ८ पेक्षा कमी असेल तर आधी रॅम वाढवा. डिस्क जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकल्याशिवाय विंडोज ११ वर जाऊच नका, बऱ्याचदा नुसती एसएसडी टाकली की लोकांना नवीन कॉम्प्युटर घ्यावासाच वाटत नाही.

मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं ॲप आहे, ते चालवलं की हो किंवा नाही सांगतं. पण नाही आलं की लगेच मशीन भंगारात काढू नका, नाही का आलं ते नीट वाचा. प्रोसेसर यादीत नसेल तर विषय संपला, पण टीपीएम सापडत नाही असं म्हणत असेल तर तो बहुतेक वेळा मशीनमध्ये असतोच, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असतो. आणि तिथे तो टीपीएम या नावाने सापडतही नाही, इंटेलच्या बोर्डवर पीटीटी असं नाव असतं आणि एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम, सिक्युरिटी किंवा ॲडव्हान्स्ड मेनूमध्ये शोधा, चालू करा, सेव्ह करून बाहेर या आणि ॲप परत चालवा.

दुसरी अडचण बूटची. विंडोजची की आणि आर दाबून एमएसइन्फो३२ (msinfo32) टाका, तिथे बायोस मोड अशी ओळ दिसेल. तिच्यासमोर युईएफआय असेल तर उत्तम. लेगसी असेल तर सरळ बायोसमध्ये जाऊन मोड बदलू नका, कारण डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असते आणि नुसता मोड बदलला की विंडोज सुरूच होत नाही, लोक इथेच घाबरून फॉरमॅट मारून बसतात. आधी डिस्क जीपीटी या नव्या मांडणीची करावी लागते, विंडोजमध्येच एमबीआर२जीपीटी नावाचं टूल आहे, ते आधी नुसती तपासणी करून सांगतं की जमेल की नाही, मग बदल करतं, आणि त्यानंतर बायोसमध्ये युईएफआय करायचं. डेटा जात नाही असं म्हणतात आणि सहसा जातही नाही, पण चौथी पायरी पूर्ण केल्याशिवाय हे करू नका.

आणखी एक, सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडा, तिथे सिस्टम टाईप दिसतो. ३२-बिट विंडोज १० असेल तर ११ वर थेट अपग्रेड होत नाही, कारण ११ ची ३२-बिट आवृत्तीच नाही, सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं.

यादीत नसलेल्या मशीनवर चेकिंगला बगल देऊन ११ टाकायच्या युक्त्या नेटवर भरपूर आहेत. चालतात, नाही असं नाही. पण अशा मशीनला अपडेट मिळण्याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने स्पष्ट सांगितलंय, आणि २४एच२ पासून प्रोसेसरमध्ये काही ठरावीक सूचना-संच (प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञा) नसतील तर विंडोज बूटच होत नाही, तिथे कुठलीच युक्ती चालत नाही. एखादं शिकायचं, खेळायचं जास्तीचं मशीन असेल तर करून बघा. ज्या मशीनवर तुमचं पोट आहे तिथे नको. त्यापेक्षा लिनक्स मिंट किंवा उबुंटू या फुकट ऑपरेटिंग सिस्टमचा लाइव्ह यूएसबी (पेनड्राइव्हवरूनच चालणारी सिस्टम) बनवा, त्यावरून बूट करा, डिस्कला धक्का न लावता दोन-तीन दिवस वापरून बघा, वायफाय चालतंय का, आवाज येतोय का, प्रिंटर सापडतोय का. ज्यांचं सगळं काम ब्राउझरमध्येच होतं त्यांना फरकसुद्धा फार जाणवत नाही.

पायरी ३: तुमची कामाची सॉफ्टवेअरं आणि उपकरणं

इथे लोक सगळ्यात जास्त घसरतात, कारण कॉम्प्युटर सुसंगत आहे असा हिरवा टिक बघितला की त्यांना वाटतं सगळंच सुसंगत आहे. ते ॲप फक्त मशीन बघतं, तुमच्या दहा वर्षं जुन्या स्कॅनरचं त्याला काही माहीत नसतं.

एक कागद घ्या आणि आठवडाभर ज्या ज्या गोष्टीशिवाय काम अडतं ती लिहीत जा. आठवडाभर अशासाठी की एका बैठकीत आठवत नाही, महिन्यातून एकदाच लागणारं सॉफ्टवेअर नेमकं सुटतं. अकाउंटिंगचं पॅकेज, डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, ऑफिसचं व्हीपीएन, प्रिंटर, स्कॅनर, ऑडिओ इंटरफेस, जुने फॉन्ट, सगळं. मग प्रत्येकासमोर त्या कंपनीच्या साइटवर जाऊन बघायचं की नवीन सिस्टमसाठी ड्रायव्हर (उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा व्हर्जन दिलंय का. साधी ॲप्स सहसा चालतात. त्रास देतात ती सिस्टमच्या आत खोल शिरणारी: ड्रायव्हर, अँटिव्हायरस, व्हीपीएन, टोकनची सॉफ्टवेअरं. यांचं स्पष्ट हो मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि साइटवर काहीच सापडलं नाही तर ईमेल करून विचारा.

काही सॉफ्टवेअरचं लायसन्स ठरावीक मशीनवरच ॲक्टिव्हेट होतं, तिथे अपग्रेडच्या आधी डीॲक्टिव्हेट करायचा पर्याय असेल तर करून घ्या, लायसन्स की आणि खरेदीचा ईमेल शोधून ठेवा.

मॅकवाल्यांनी ही पायरी अजिबात टाळू नये. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आलं आणि ३२-बिट ॲप्स पूर्ण बंद झाली, चांगली चाललेली ॲप्स एका रात्रीत उघडेनाशी झाली. २०२५ चं मॅकओएस टाहो हे इंटेलवाल्या मॅकसाठी शेवटचं, तेही मोजक्याच मॉडेलवर चालतं. आणि मॅकवर मागे फिरणं विंडोजपेक्षा कठीण आहे, गो बॅक असं बटण नाही, डिस्क पुसून जुनं व्हर्जन टाकायचं आणि बॅकअपमधून डेटा आणायचा. त्यातही फोटोज ॲपची लायब्ररी एकदा नवीन व्हर्जनने बदलली की जुन्या व्हर्जनमध्ये ती उघडत नाही, म्हणून अपग्रेडच्या आधीचा टाइम मशीन (मॅकची स्वतःची बॅकअपची सोय) बॅकअप वेगळ्या डिस्कवर जपून ठेवा.

उबुंटूवाल्यांना एवढंच सांगेन की एलटीएस (दीर्घ सपोर्टवालं व्हर्जन) वापरत असाल तर घाई करू नका, त्यांची स्वतःची पद्धतच अशी आहे की एलटीएसवरून पुढच्या एलटीएसवर जायचा निरोप पहिलं पॉइंट रिलीज (सुरुवातीच्या दुरुस्त्या घातलेली आवृत्ती) आल्यावरच येतो, एप्रिलमध्ये रिलीज झालं तर साधारण ऑगस्टच्या आसपास. बाहेरून जोडलेले पीपीए (सॉफ्टवेअर मिळवायचे वेगळे स्रोत) अपग्रेडमध्ये बंद केले जातात, त्यांची यादी आधी काढून ठेवा.

पायरी ४: परतीचा रस्ता

आता खरं काम. बॅकअप दोन प्रकारचे लागतात आणि बहुतेकांकडे एकच असतो, किंवा एकही नसतो.

पहिला, फाईल्सचा. डॉक्युमेंट्स, फोटो, डेस्कटॉप हे सगळ्यांना सुचतं. न सुचणाऱ्या गोष्टी म्हणजे आउटलूकची पीएसटी फाईल, थंडरबर्डचं प्रोफाइल (दोन्हींत ईमेल साठवलेले असतात), ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, अकाउंटिंग पॅकेजचा डेटा फोल्डर जो बऱ्याचदा सी ड्राइव्हमध्ये कुठेतरी कोपऱ्यात असतो, आणि डाउनलोड्समध्येच पडून राहिलेली कागदपत्रं. हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. क्लाउडवर सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे असं समजू नका, इथली फाईल उडाली की सिंक ती तिकडूनही उडवतं, काही दिवस रिसायकल बिनमध्ये सापडेल एवढंच.

हे अतिरेकी वाटत असेल तर विंडोज १० चं ऑक्टोबर २०१८ चं अपडेट आठवा, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाईल्स त्यात डिलीट झाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते वाटप थांबवावं लागलं. ज्यांचे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवलेले होते पण काही फाईल्स मूळ जागीच राहिल्या होत्या त्यांच्या बाबतीत ते घडलं. वापरणाऱ्यांची त्यात काही चूक नव्हती.

दुसरा, पूर्ण डिस्कची इमेज. म्हणजे विंडोज, सॉफ्टवेअर, सेटिंग सगळ्यासकट आजच्या मशीनचा जसाच्या तसा ठसा. क्लोनझिलासारखं फुकट टूल आहे, विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये बॅकअप अँड रिस्टोअरमध्येही सिस्टम इमेजचा पर्याय आहे. फाईल्सचा बॅकअप तुमचा डेटा वाचवतो, पण सगळी सॉफ्टवेअरं परत बसवायचे दोन दिवस वाचवते ती इमेज. इमेज कुठल्याही टूलने घ्या, त्या टूलचा बूट होणारा यूएसबीही बनवा, आणि त्यावरून मशीन खरोखर बूट होतं का, बाहेरची डिस्क त्यात दिसते का हे एकदा बघा. संकटात ते पहिल्यांदाच करून बघायची वेळ येऊ नये.

बॅकअप झाला की ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि वेगवेगळ्या फोल्डरमधल्या चार-पाच फाईल्स उघडून बघा. एखादा फोटो, एखादं एक्सेल, एखादी मोठी व्हिडिओ फाईल. उघडल्या तरच बॅकअप झाला म्हणायचं. मग डिस्क काढून बाजूला ठेवा, अपग्रेड चालू असताना ती जोडलेली नको.

आता बिटलॉकर, म्हणजे विंडोजमधलं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. नवीन लॅपटॉपमध्ये डिस्क एन्क्रिप्शन बऱ्याचदा आपोआप चालू असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. बायोसमध्ये टीपीएमचं काही बदललं किंवा बायोस अपडेट केला की पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते आणि रिकव्हरी की मागते. ही की ४८ अंकांची असते, सहा-सहा अंकांचे आठ गट, आणि ती नसेल तर डिस्कवरचा डेटा कुणीही काढून देऊ शकत नाही, कंपनीसुद्धा नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर की बहुधा त्या अकाउंटमध्ये सेव्ह असते, आज जाऊन बघा, आणि एकापेक्षा जास्त की दिसल्या तर की आयडीचे पहिले आठ अक्षर-अंक जुळवून आपल्या मशीनची कुठली ते नक्की करा. ती कागदावर लिहा किंवा प्रिंट काढा. त्याच कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर फाईल करून ठेवण्यात काही अर्थ नाही. बायोसला हात लावायच्या आधी कंट्रोल पॅनलमधून बिटलॉकर सस्पेंड करा, म्हणजे बहुतेक वेळा की मागणारी ती स्क्रीन येतच नाही.

डिस्कची तब्येतही बघा, क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासणाऱ्या टूलमध्ये गुडच्या जागी कॉशन दिसत असेल तर आधी डिस्क बदला. अपग्रेडमध्ये डिस्कवर प्रचंड लिहिणं-वाचणं होतं, कमकुवत डिस्क नेमकी तेव्हाच मान टाकते.

पायरी ५: कधी करायचं

नवीन व्हर्जन आलं त्या आठवड्यात नाही. दोन-तीन महिने जाऊ द्या, तोवर मोठे बग सापडतात आणि त्यांची दुरुस्ती येते. मायक्रोसॉफ्ट प्रत्येक व्हर्जनच्या माहीत असलेल्या अडचणींचं पान ठेवतं, विंडोज रिलीज हेल्थ नावाने शोधा आणि तुमच्या कागदावरचं काही त्यात आहे का बघा.

मित्राच्या मशीनवर अपग्रेड आलं, माझ्यावर का नाही, असं म्हणून बरेच जण आयएसओ (इन्स्टॉलरची पूर्ण फाईल) डाउनलोड करून जबरदस्तीने टाकतात. जरा थांबा. एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा त्रास माहीत असेल तर मायक्रोसॉफ्ट तशा मशीनवर ते अपग्रेड मुद्दाम रोखून धरतं, त्याला सेफगार्ड होल्ड म्हणतात. तुमच्याकडे ते येत नाहीये यामागे तुमच्याच भल्याचं कारण असू शकतं.

डेडलाइन, परीक्षा, वर्षअखेरीचे हिशोब यांच्या तोंडावर तर नकोच. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी सुरू करा, म्हणजे काही अडलं तर हातात दिवस असतो. आणि मशीन ऑफिसचं असेल तर हा सगळा निर्णय तुमचा नाहीच, आयटीवाल्यांना विचारा.

पायरी ६: प्रत्यक्ष अपग्रेड

सी ड्राइव्हवर २५-३० जीबी मोकळी जागा करा. बाहेरून घेतलेला अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा, नुसता पॉज करून भागत नाही. लॅपटॉप चार्जरला लावा. कीबोर्ड-माउस सोडून बाकी सगळं यूएसबीमधून काढा. सध्याच्या सिस्टमची राहिलेली अपडेट्स टाका, एकदा रीस्टार्ट करा. मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर बनवून ठेवा, पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो हे लक्षात असू द्या.

मग सुरू करा आणि हात लावू नका. टक्केवारी एका आकड्यावर बराच वेळ अडकून राहते, तीन-चार वेळा रीस्टार्ट होतं, स्क्रीन काळी पडते. डिस्कचा दिवा लुकलुकतोय तोवर काम चालू आहे असं समजा, पॉवर बटण दाबून बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही कित्येक तास काहीच हललं नाही तरच.

पायरी ७: पुढचे १० दिवस

जुनी सिस्टम विंडोज डॉट ओल्ड (Windows.old) नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी इथे गो बॅक बटण असतं. मुदत १० दिवस. ती डिझम (DISM) कमांडने ६० दिवसांपर्यंत वाढवता येते पण १० दिवस संपायच्या आत वाढवायला हवी, नंतर काही करता येत नाही. या काळात जागा कमी पडतेय म्हणून डिस्क क्लीनअप चालवून मागची विंडोज इन्स्टॉलेशन उडवू नका, बटण त्यासोबतच जातं.

तुमचा कागद काढा आणि पहिल्या दोन दिवसांत त्यावरची प्रत्येक गोष्ट प्रत्यक्ष चालवून बघा. प्रिंट काढा, स्कॅन करा, टोकन लावून सही करून बघा, व्हीपीएन जोडा, मीटिंग लावून माइक आणि कॅमेरा तपासा, लॅपटॉप झोपवून परत उठवा. महिन्यातून एकदा लागणारं सॉफ्टवेअर आत्ताच उघडा, महिन्याने नाही. मशीन पहिले एक-दोन दिवस संथ वाटलं तर चालतं, मागे इंडेक्सिंग आणि अपडेट्स चालू असतात. पण ज्याच्याशिवाय काम अडतं असं काही बंद पडलं आणि दोन दिवस शोधूनही उपाय सापडला नाही तर आठव्या दिवसाची वाट न बघता मागे फिरा. अपग्रेडनंतर टाकलेली सॉफ्टवेअरं आणि बदललेली सेटिंग्ज मागे फिरताना जातात, नव्या फाईल्स सहसा राहतात, तरी त्या आधी बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या.

सगळं नीट चाललं तर विंडोज डॉट ओल्ड स्वतःहून जातो. डिस्कची इमेज मात्र निदान दोन-तीन महिने तरी तशीच ठेवा, आणि बिटलॉकर सस्पेंड केलं असेल तर ते परत चालू झालंय का ते कंट्रोल पॅनलमध्ये एकदा बघून घ्या.